सुई अडकली तर उठायचं कुणी

मी, खाली सही करणारी शिवणवाली, वयानं थकलेली पण डोकं शाबूत असलेली, हे मृत्युपत्र राजीखुशीनं, कुणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते. डोकं शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्या मुळात माझ्या धाकट्या भावाच्या डॉक्टर. त्यांनी मला वार विचारला, मी अडखळले, तर शेजारून धाकटा पुटपुटला, "ताई, गुरुवार." दाखला नेमका कुणाला मिळाला, असं तो अजून विचारतो.

१. शिलाई मशीन, कात्र्या व बटणांचे डबे सूनबाईंना. मशीन कुरकुरतं, पण टाका सोडत नाही, माझ्यासारखंच. मोठी कात्री कागदाला लावलेली मला वरूनही दिसेल.

२. रेकॉर्ड प्लेअर व त्यावरची ती रेकॉर्ड धाकट्याची. अख्ख्या बाजूला एकच गाणं. तो त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतो. माझे चिरंजीव म्हणतात, भांड्यांची मांडणी कोसळली. गाण्यातल्या माणसाच्या डोक्यात न बोलावलेले लोक राहायला येतात आणि त्यालाच बसायला जागा उरत नाही. धाकट्याला पहिल्यांदा आवाज ऐकू यायला लागले, तेव्हा सगळे त्याला खोदून खोदून विचारत होते. त्यानं मला हे गाणं लावून दिलं, अर्थ सांगितला आणि म्हणाला, "ताई, माझं असं होतं." तेव्हापासून ते माझंही आवडतं. गाणं सात मात्रांत चालतं, माझा पाय चारांत. त्या काळात माझ्याकडून पडदे शिवून नेलेल्यांनी माफ करावं.

३. रेकॉर्ड एका जागी अडकते. नवी आणू नये. चिरंजीवांनी एकदा हौसेनं आणली. ती न अडकता संपली आणि धाकटा दिवसभर रुसला. बरा असला की तो उठून बोटानं सुई पुढं करतो. बरा नसला की उठत नाही. तीच ओळ पुन्हा पुन्हा ऐकू आली की मी मशीन सोडून त्याच्या खोलीत जाते. अशा वेळी गाणं बंद करू नये. सुई सरकवावी, शेजारी बसावं, काही विचारू नये.

४. राहतं घर चिरंजीवांना. मात्र धाकट्याला त्याच्या खोलीत हयातभर राहण्याचा हक्क. चिरंजीवांना त्याला निवासी केंद्रात ठेवायचं होतं. "आई, तिथं बाग आहे, माणसं आहेत. गाण्यांसाठी हेडफोन देतात."

"हेडफोन नकोत," धाकटा म्हणाला. "माझ्या कानात आधीच गर्दी आहे."

मी हट्टाला पेटले. आधी माझ्यापाशी बसून अख्खं गाणं ऐक, मग बोल. रविवारी ते बसले. आत रेकॉर्ड अडकली. धाकटा उठेना. तीच ओळ, पुन्हा तीच. मी मुद्दाम जागची हलले नाही. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं, मग धावत आत गेले, सुई सरकवली आणि मामाशेजारी बसून राहिले. काही विचारलं नाही.

गाणं संपल्यावर धाकटा म्हणाला, "मी ठीक आहे रे. तुला जमतंय का बघत होतो."

"मामा, तू ना, अगदी वे..."

"बोल की. माझ्याकडे तसा कागदच आहे."

केंद्राचा विषय पुन्हा निघालेला नाही. तरी हे कलम राहू द्यावं.

५. मला निरोप देताना हेच गाणं लावावं. अडकेल तिथं कुणी घाबरू नये. उठायचं कुणी, ते आता घरात दोघांना माहीत आहे.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई, समोरचे इलेक्ट्रिशियन (गाण्याला कानात बोटं घालतात, पण सही सुवाच्य).
धाकट्याला हक्क मिळत असल्यानं त्याची साक्ष चालत नाही.

सही: ताई, शिवणवाली
स्थळ: मशीनची खोली
दिनांक: आजचा, मंगळवार (धाकट्याला विचारून)