वेलेबिटच्या पलीकडचा मार्च

मु. पेरुशिच, लिका
मार्चमधला बुधवार (कॅलेंडरप्रमाणे. खिडकीबाहेर जानेवारी आहे.)

प्रिय दिंकाताईस,

धाकट्या जेर्कोचा वाकून नमस्कार (वाकणं तूर्त कागदावरच, मान धरली आहे). तुझी तब्येत बरी असेल, भावजींचा गुडघा पावसाआधी अजून ठणकत असेल आणि तुमच्या कोर्चुला बेटावर नेहमीसारखं लख्ख ऊन पडलं असेल, असं धरून चालतो. इथे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे जिवंत आहोत. माझ्या नातवाचा बाप्तिस्मा रविवारी पार पडला. तुझ्या लेकाने, फ्रानेने, फोनवर तुला काय काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे. त्यातलं निम्मं खोटं आहे, म्हणून खरं काय घडलं ते लिहायला बसलोय.

शुक्रवारी सकाळी मी झादरहून निघालो तेव्हा बदाम फुलले होते. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा, गाडीची काच खाली (एकाच बाजूची. दोन्हीकडच्या उघडून आरपार वारा अंगावर घ्यायला मी अजून वेडा झालेलो नाही). मागच्या सीटवर बर्फात घातलेली ताजी मासळी, कारण व्याह्यांकडे डोंगरात कोकरू आणि बटाटा सोडून काही मिळत नाही. मासळी वितळत्या बर्फात खराब तर होणार नाही ना, एवढीच काय ती चिंता. मग वेलेबिटचा बोगदा आला. आत शिरलो तेव्हा मागे ऊन होतं. पलीकडे बाहेर पडलो तर समोर काही दिसेना. वाटलं, चष्माच काढायचा राहिलाय. काढला, तर आणखी पांढरं. बर्फ आडवा येत होता, ताई. एका डोंगराच्या दोन कुशींत दोन वेगवेगळे महिने. देश केवढा, तर नकाशावर तळहाताएवढा, आणि त्यात एवढे हवामानाचे नखरे कुणी मागितले होते?

मी गोगलगायीसारखा पेरुशिचपर्यंत आलो. हमरस्ता सोडून गावाकडे वळलो आणि तिथे गाडीने माझं ऐकणं सोडलं. ती अगदी शांतपणे, जणू ठरवूनच, रस्त्याकडेच्या चरात जाऊन बसली. नेवेंकाला फोन केला. लेकीने सासऱ्याला पाठवलं, ट्रॅक्टर देऊन. योसो तुला लग्नात दिसला होता, तोच, भुवया असलेला. त्याने आधी माझ्या गाडीला एक प्रदक्षिणा घातली, मग बुटाने चाक दाबून पाहिलं.

"व्याही, हे टायर कुठल्या बोटीचे?"

मी म्हटलं, "आमच्याकडे वसंत आलाय, उन्हाळी टायर चढवलेत."

"आमच्याकडेही आलाय," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात कमरेपर्यंत होता, आता गुडघ्यापर्यंत आहे."

घरी पोचलो तर चुलीमुळे आत भट्टी, आणि ह्या गृहस्थाने समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडून ठेवलेल्या. म्हणे हवा खेळली पाहिजे. पाळण्यात दोन महिन्यांचं पोर. मी उठून एक खिडकी लावली. तो उठला, त्याने ती उघडली. मी दुसरी लावली. असं आमचं जेवणापर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मान धरलेली. आपल्याकडे कुठल्याही शेंबड्या पोराला कळतं की हे आरपार वाऱ्याने झालं, पण इथे मला कुणी दाद दिली नाही. मांदा विहीणबाईंनी मात्र आलुबुखाराची घरची दारू मानेला चोळली (योसो शेजारी उभा राहून हळहळत होता की बाहेरून लावण्यात ती फुकट चाललीय). नेवेंका म्हणाली, "बाबा, मान वाऱ्याने नाही धरली. खिडक्यांवर पाळत ठेवून धरली." लग्न होऊन तीन वर्षं नाही झाली आणि माझी मुलगी पक्की लिकाची झाली. (आणि मासळी? रात्री ओसरीत ठेवली होती. सकाळी फळीसारखी कडक. योसोने कुऱ्हाडीने सुटी केली आणि वर मलाच विचारलं, की तुमच्याकडे समुद्रातून अशीच निघते का.)

खरा घोळ शनिवारी झाला. विधीत बाळाला हातात धरणारा धर्मपिता होणार होता तुझा फ्राने, हे तुला माहीत आहे. नेवेंकाची आई गेली तेव्हा त्या पोरीशी बोलायला मला शब्द सुचत नव्हते, आणि हा रोज संध्याकाळी येऊन तिच्यासमोर पत्ते मांडून बसायचा. बाळाला दुसरं कुणी हातात धरायचं नाही, असं तिने तेव्हापासूनच ठरवलं असावं. आणि शनिवारी दुपारी फ्रानेचा फोन आला: मामा, डोंगरावरून बुरा सुटलाय, वारा उभं राहू देत नाही, रस्ता बंद केलाय, ट्रक उलटलाय, ऊन लख्ख आहे पण शेजाऱ्यांची चादर दोरीसकट गेली.

मी हे योसोला सांगितलं. योसोने मला दंडाला धरून अंगणात नेलं. बर्फ थांबला होता. धुराड्यातला धूर सरळ वर चालला होता. एक पान हलत नव्हतं (एकही पान नव्हतंच, पण असतं तरी हललं नसतं).

"हा तुमचा वारा का?" तो म्हणाला.

"तो डोंगराच्या त्या बाजूला कोसळतो."

"तुमचा वारा, व्याही, आमच्याकडे यायचं असलं की बरोबर सुटतो."

मग त्याने जाहीर केलं की कोकरं कापून झालीत, पाहुणे सांगितलेत, त्याचा पुतण्या घरातच आहे, तोच धर्मपिता होईल. मी म्हटलं, होणार नाही. तो म्हणाला, होईल. आमचे आवाज चढले, मी त्याला डोंगरी म्हटलं, त्याने मला उन्हात वाळवलेला म्हटलं. तेवढ्यात नेवेंका दारात आली, बाळ खांद्यावर. तिचे डोळे लाल होते, पण आवाज अजिबात कापत नव्हता. म्हणाली, "फ्राने येईल तेव्हाच बाप्तिस्मा. तोवर कोकरं तुम्ही दोघं खा." आणि दार लावून घेतलं. मांदाबाईंनीही आतून कडी घातली. आम्ही दोघे व्याही बराच वेळ बर्फात उभे.

आता फ्रानेबद्दल एक खरं सांगतो, ते तो स्वतः सांगणार नाही. रस्ता बंद, तर हा पोरगा रविवारी पहाटे झादरहून बसने क्निनला गेला आणि तिथून ती रडतखडत डोंगर चढणारी आगगाडी धरली. पाद्रीबाबांनी विधी दुपारवर ढकलला. मी जावयाची गाडी घेऊन गोस्पिच स्टेशनला निघालो तर योसोही शेजारी येऊन बसला. म्हणाला, कुणी उतरत नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. गाडीला उशीर. आम्ही फलाटावर पाय आपटत फिरत होतो, मी त्याच्या मुलाचा कोट घालून. शेवटी गाडी आली आणि एकटा फ्राने उतरला, लग्नातला पातळ सूट, टोकदार बूट. क्निनला म्हणे धो धो पाऊस होता. भिजलेली विजार इथल्या गारठ्यात अशी ताठली होती की तो चालताना तिचा आवाज येत होता. दात वाजत असताना त्याने विचारलं, "मामा, बाळाला दुसऱ्या कुणी धरलं का?"

योसो पुढे झाला. त्याने स्वतःचा मेंढीच्या कातड्याचा कोट काढून फ्रानेला घातला, बटणं लावली, आणि घरापर्यंत नुसत्या स्वेटरवर ट्रॅक्टरसारखा श्वास सोडत बसला. मी विचारलं तर म्हणे, थंडी कुठाय. बाप्तिस्मा झाला. बाळ रडलं नाही, फ्राने रडला (हे मी सांगितलं असं सांगू नकोस).

सोमवारी वारा फिरून दक्षिणेचा दमट यूगो आला. पागोळ्या, चिखल, सगळ्यांची डोकी जड. आणि योसो तापाने अंथरुणात. म्हणतो, कोट दिला त्याचा काही संबंध नाही, हा दमट वारा तुमच्या भाच्याने खिशातून आणला. मंगळवारी पुन्हा बर्फ. फ्राने आगगाडीने परत गेला. मला मात्र योसो अंथरुणात पडल्यापडल्या जाऊ देत नाही, म्हणतो, त्या टायरांवर माझ्या नातवाचा आजोबा जाणार नाही. तेव्हा मी ठरवलंय, ताई, एकदा घरी पोचलो की जूनच्या आधी पुन्हा डोंगराच्या ह्या बाजूला पाऊल टाकायचं नाही, आणि ह्या माणसाशी हवामानावर बोलायचं नाही. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा त्रासलेला भाऊ,
जेर्को

ता. क. झादरहून शेजाऱ्याचा फोन आला होता. बुऱ्याने माझ्या छपराची कौलं नेली, तेव्हा दोन महिने तरी माझं घर पाहुण्यांच्या उपयोगाचं नाही. हे सांगायचं कारण असं, की मे महिन्यात, गवतकापणीच्या आधी, योसो आणि मांदाबाई तुझ्याकडे पंधरा दिवस राहायला येत आहेत. तुला न विचारता मी हो म्हणून बसलोय. गोस्पिचच्या फलाटावर तो मला म्हणाला, की समुद्र त्याने फक्त वेलेबिटच्या माथ्यावरून पाहिलाय, मेंढरं राखताना. गाडीने तासाभराची वाट, पण उन्हाळ्यात गवत कापायचं असतं आणि हिवाळ्यात बर्फ. मग हळूच विचारलं, अगदी काठावरचं पाणीही खारट असतं का. मी म्हटलं, स्वतःच चाखून बघा, आणि तुझा पत्ता दिला.

आणखी एक ता. क. मेमध्ये तुमच्याकडे पाण्यात कुणी उतरत नाही हे मला माहीत आहे. त्याला ते थंड वाटणार नाही. पण त्याला पोहता येत नाही, आणि ते तो मरेपर्यंत कबूल करणार नाही. पहिल्या सकाळी त्याला घराखालच्या लहान खाडीवर ने, पायऱ्यांवर पाय सोडून बसू दे, आणि भावजींना सांग, तेवढा वेळ दुसरीकडे बघा.