साखरपुड्याच्या जेवणातला जंतू

८ जानेवारी
सकाळीच काष्टीजवळच्या वस्तीवर. रविवारी चर्चच्या अंगणात साखरपुडा झाला, सोमवारपासून घरोघरी ताप, जुलाब. बावीस जण श्रीगोंद्यात अ‍ॅडमिट. नवरीची आजी सलाइनवर, डोळे उघडत नाही. नमुने घेतले. ज्यांनी सँडविच खाल्ली तेच आजारी. मेयोनीज तिथंच फेटलेलं, कच्च्या अंड्यांचं.
अंडी कुणाची? विल्सनच्या पोल्ट्रीची. विल्सन, माझा मावसभाऊ.

९ जानेवारी
लॅबच्या साहेबांना आधी तेच सांगितलं. "मग काम सोडता?" म्हटलं, नाही. लॅबमधला प्रवीण नमुन्यांच्या नळ्यांवर नुसते नंबर टाकेल, कुठली कुणाची ते त्याच्याच वहीत. मान्य.
दुपारी विल्सनच्या शेडमधून विष्ठा, धूळ, अंडी. स्वयंपाक करणाऱ्या सरूबाईचाही नमुना घेतला. तिला काही त्रास नाही. "म्या हात धुतल्याबिगर कनकीला शिवत न्हाई, ताई. इचारा कुनालाबी."

१३ जानेवारी
साल्मोनेला. पेशंटमध्ये, शेडमध्ये आणि सरूबाईच्या नमुन्यातही.
बातमी कुठून फुटली कोण जाणे. वस्तीवर निकाल लागूनही गेला: सरूबाईनंच सगळ्यांना पाडलं. विल्सनचा फोन. "सुटलो बाई."
"थांब. आडनाव एक म्हणून माणूस एक होतो का? जंतूचंही तसंच."
त्याला पटलं नाही. पटेल.

१६ जानेवारी
जंतूंचा डीएनए वेगळा करून जेल चालवलं. फोटोत डीएनएचे पट्टे स्वच्छ उमटले, असे की नवख्यालाही वाचता यावेत. सगळ्या रांगा एकसारख्या, फक्त पाचवी निराळी. मग प्रवीणनं वही उघडली. पाचवी म्हणजे सरूबाई. शेडच्या दोन्ही रांगा पेशंटच्या रांगांशी पट्टान्‌पट्टा जुळतात.
पुन्हा चालवलं. तेच.
माझ्या मनात शंका नाही. तरी जंतूंचा संपूर्ण जीनोम तपासायला नमुने पुण्याला पाठवले. उद्या कुणी म्हणायला नको की...
डबा तसाच राहिला. मावशीला काय सांगू?

४ फेब्रुवारी
पुण्याचा रिपोर्ट. तेच. आजी घरी आली, धरून धरून चालते. बाकी सगळे बरे.
विल्सनकडे स्वतः गेले. फोनवर सांगायची गोष्ट नव्हे.
"आपल्याच माणसाला बुडवायला निघालीस?"
"अंडी तुझ्या शेडची आहेत, विल्सन. तू मुद्दाम केलंस असं कोण म्हणतंय?"
वहिनी चहा ठेवून आत निघून गेली. तो कोंबड्यांच्या जाळीकडे वळला. मग म्हणाला, "पण माझ्याकडं आलं कुठून?"
हाच खरा प्रश्न. खाद्य, उंदीर, की हॅचरीची पिल्लं? रिकाम्या दुसऱ्या शेडसाठी त्याच हॅचरीची नवी पिल्लं सोमवारी येणार आहेत, त्यांच्या खोक्यांत अंथरलेले, विष्ठा लागलेले कागद मी तपासायला घेणार. निघताना बघितलं, अंडी न्यायला आलेला टेम्पो त्यानं दारातूनच रिकामा परत पाठवला. मी काही सांगितलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी
सरूबाई एस.टी.नं नगरला आली, थेट लॅबमध्ये. तिचे दोन नमुने स्वच्छ आलेत, आज तिसरा. तो स्वच्छ आला की स्वयंपाकाला मोकळी. पण बोलावणार कोण? एक लग्न, एक बारसं हातचं गेलं. नळावर बायका तिच्या हंड्यापासून आपला हंडा लांब ठेवतात.
"माझा येगळा हुता ना? दावा."
जेलचा फोटो समोर धरला. पाचव्या रांगेवर बोट ठेवून बघत राहिली. "ह्यो व्हय. पन म्या सांगून कोन ऐकतंय?"
म्हटलं, तुमची हरकत नसेल तर मी सांगते, रविवारी उपासना संपल्यावर, सगळ्यांसमोर.
"सांगा. माझं नाव घिऊन सांगा."

१४ फेब्रुवारी
साहेबांची परवानगी मिळाली. विल्सनला फोन केला. सरूबाईचं सांगायचं तर अंडी कुणाची हेही सांगावं लागेल. फोनमध्ये मागे कोंबड्यांचा गलका.
मग म्हणाला, "तू नको सांगू. मी सांगतो."
आणि लगेच, "बघू."
पिल्लांच्या खोक्यांतल्या कागदांचा रिपोर्ट सोमवारी. रविवार त्याच्या आधी येतो.