तोंड दक्षिणेला, गाडी उत्तरेला

श्री बृहदीश्वर प्रसन्न
तंजावूर, मेलवीधी, गुरुवार

राजमान्य राजेश्री हनुमंतराव यांस, तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा (म्हणजे तुमच्या मते तिच्या पत्रिकेतला एकमेव दोष) सीतारामराव याचा सप्रेम नमस्कार. कोयंबतूरची कोरडी हवा तुमच्या दम्याला मानवली असेल आणि वहिनींचे गुडघे तुमच्यापेक्षा जास्त ऐकत असतील, अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम. तुमच्या बहिणीची, राजमची, तब्येत इतकी उत्तम आहे की घरातल्या इतरांच्या तब्येतीला फारसा वाव उरलेला नाही.

तुम्ही विचारलंत की चिरंजीव रघुपतीने जुनी मोटार घेतली म्हणे, ती कशी आहे. आता ती कशी आहे हे सांगायचं तर आधी ती का घेतली हे सांगावं लागेल, आणि त्यासाठी पंचांग उघडावं लागेल. आमची सून सुंदरी तिरुवैयारूला वीणा शिकते हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथल्या गुरुजींना सवड फक्त बुधवारी. आणि बुधवारी, जगाला माहीत नसलं तरी राजमला माहीत आहे, उत्तरेला शूल असतो. देवाचा त्रिशूळ त्या दिवशी तिकडे रोखलेला, म्हणून त्या दिशेला तोंड करून गाव सोडायचं नाही. तिरुवैयारू पडलं नेमकं उत्तरेला. (गाव हलवता येतं का याचा मी सरकारी नकाशात तपास केला. मध्ये नद्या फार आहेत.) दूध पिऊन निघावं असा परिहार त्याच पंचांगात छापला आहे, हे मी दाखवून दिलं. त्यावर तुमची बहीण म्हणाली, "परिहार कोर्टकचेरीसाठी. वीणा काय खटला आहे?" एवढ्यात गुरुजींचा निरोप आला की आणखी एक बुधवार चुकला तर सुंदरीची जागा दुसऱ्या मुलीला जाईल. सुनेने वीणेवर धुतलेलं कापड घातलं आणि रसम वाढायला आली. त्या दिवशीचं रसम मला गिळवलं नाही, आणि तुम्हाला माहीत आहे, रसमाच्या बाबतीत मी हळवा नाही.

रघुपतीने ठरवलं, आपली मोटार घ्यायची. आपल्या मोटारीत आई बसली की आई पाघळेल. (त्याने वकिली माझ्याकडून घेतली, पण आशावाद कुठून घेतला कळत नाही.) सुब्रमण्यम म्हणून एक दलाल आहे, बैलांपासून मोटारींपर्यंत काहीही विकतो आणि दोघांचेही दात मोजून दाखवतो. त्याने पहिल्यांदा आणली ती एका जमीनदारपुत्राची तांबडी दोन आसनी गाडी. टप उघडा, भोंगा असा की मेलवीधीतली कुत्री रस्ता सोडून देवळात गेली. रघुपतीचा चेहरा मुंजीतल्या बटूसारखा उजळला. राजमने फक्त विचारलं, मुलं कुठे बसणार? सुब्रमण्यमने मागचं झाकण उघडून पेटीसारखी एक जागा दाखवली आणि म्हणाला, "इथे, अक्का. वारा छान लागतो." तुमच्या बहिणीने त्या पेटीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "झाकण लावायचं कधी, पाऊस आल्यावर की मुलं रडल्यावर?" तांबडी गेली. रघुपती दोन दिवस भोंग्याचा आवाज तोंडाने काढत होता.

मग एका चेट्टियार सावकारांची भली थोरली बंद गाडी आली, पडदे वगैरे लावलेली. आत सगळं कुटुंब, वीणा, पाळणा आणि वेळ पडली तर एखादं लग्न मावावं. ती गल्लीत आली खरी, पण वळेना. समोरच्या धनलक्ष्मी मामींच्या पायरीला नाक टेकून तिने रात्र काढली. सकाळी मामींनी उठून, कुठलाही वाद न घालता, तिच्याभोवती रांगोळी काढली. राजम म्हणाली, मूर्ती बसली, आता हलवू नका. पण पूजा करायला चेट्टियार तयार नव्हते, म्हणून बैल लावून ती ओढून नेली.

तिसरी हीच, अमेरिकन बनावटीची, उंच आणि काळी, पावसाळ्यात छत्री उघडून बसलेल्या भटजीसारखी. कापडी टप, चार दारं, मागे ऐसपैस जागा, आणि भोंगा वासरू हरवलेल्या गाईचा. नातू भीमसेन (वय वर्षं पाच) लगेच चाकावर चढला, धाकटी कामाक्षी दिवा चाटू लागली. राजमने सुब्रमण्यमला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावून, खोड काय ते सांग, म्हणून दटावलं. तो मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. ती गाडीकडे बघत राहिली. मला वाटलं, धक्का बसला. आणि मग म्हणाली, ही घ्या.

खोड आम्हाला वेण्णारच्या पुलावर कळली. पेट्रोलची टाकी सीटखाली. चढ लागला की पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही, गाडी धापा टाकते आणि बसते. उपाय एकच: तोंड फिरवायचं आणि पूल उलटा चढायचा. दिवस बुधवार, आणि राजमची हरकत अजून कायम. ती केवळ "पुलापर्यंत येते" म्हणून बसली होती. रघुपतीने मान मुरडून गाडी उलटी घातली. आमची तोंडं दक्षिणेला, घराकडे. चाकं उत्तरेला, गुरुजींकडे. सुंदरी वीणा मांडीत धरून सासूकडे पाहत होती. सासू शांतपणे म्हणाली, "नदी ओलांडताना गाव सुटतं. आपण तर गावाकडेच पाहतोय. शूल लागेल कसा?" मी इतकी वर्षं वकिली केली, पण ज्याचं तोंड घराकडे आहे तो घर सोडून गेला असं सिद्ध करायला मलाही साक्षीदार मिळाला नसता.

आता पुलावर आमच्या पाठोपाठ, म्हणजे आमच्या तोंडासमोर, कलेक्टरसाहेबांची गाडी आली. ते पुढे येतायत, आम्ही त्यांच्याकडे तोंड करून हळूहळू मागे सरतोय, मी सवयीने हात जोडलेले. साहेबांना वाटलं, जुन्या दरबाराची रीत असावी. टोपी काढून त्यांनी मान लववली. राजे गेले, दरबार गेला, संस्थान कंपनीने घशात घातलं, पण स्वामींना पाठ न दाखवता मागे सरायचा आमचा सराव काही गेला नाही. फक्त आता त्याला पेट्रोल लागतं. मुलांना मात्र ही गाडी फार आवडते. मागून येणाऱ्या प्रत्येक बैलाशी त्यांची तोंडओळख झाली आहे.

तेव्हा गाडी उत्तम आहे, सून वेळेवर पोचते, घरात आनंद आहे. लोभ आहेच, तो दम्यासारखा वाढू न देता सांभाळावा.

आपला,
सीतारामराव

ता.क. घरात आनंद आहे असं वर लिहिलं ते राजम जवळ बसली होती म्हणून. खरी गोष्ट अशी की पुलापर्यंत येणारी तुमची बहीण आता दर बुधवारी थेट तिरुवैयारूपर्यंत जाते. मुलांना घरी ठेवत नाही, स्वतः ऐसपैस बसते, आणि काल जागा पुरेना म्हणून वीणाच घरी राहिली. गुरुजींनी आपली वीणा दिली म्हणे, पण परत आल्यावर सुनेचा चेहरा वाचता येत होता. सुंदरीने पुन्हा वीणेवर कापड घातलं, रसम पुन्हा तसंच झालं आहे. तरी कृपा करून दम्याचं निमित्त काढा आणि बहिणीला चार महिने सोबतीला बोलवा. मी सुचवलं हे कळू देऊ नका.

ता.क. (राजमच्या हातचं) अण्णा, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याचकडे दिलं. यांचे पक्षकार कसे जिंकत होते कोण जाणे. मला बोलावू नकोस, बुधवारी मला सवड नाही. गुरुजींनी मलाही पहिले पाठ सुरू केलेत. सुंदरी वाजवते तेव्हा मी मुलं धरते, मी वाजवते तेव्हा ती. यांना सांगितलेलं नाही, हसतील. आणि गाडी मी निवडली. उलटी चढते असं सुब्रमण्यम म्हणाला तेव्हाच हो म्हटलं. सरळ जाणाऱ्या गाडीत बसून मी माझाच शब्द कसा मोडणार होते? आता तुझ्या माळ्यावर आईची वीणा पडली आहे ती पाठव. गुरुजींकडेच ठेवू, दोघी तिच्यावरच वाजवू, म्हणजे गाडीत वीणेला जागा लागणार नाही आणि मला मिळेल. सोमवारी किंवा शनिवारी मात्र पाठवू नकोस. त्या दिवशी पूर्वेला शूल असतो, आणि आगगाडी काही उलटी येत नाही.