पत्र्याच्या आतली गाडी

आप्पा,

परवा कामासाठी अंबरनाथला आले होते, रिक्षा मोरिवलीच्या इंडस्ट्रियल एस्टेटवरून गेली. तुमच्या शेडच्या जागी आता औषधांचं गोदाम आहे. मी जरा थांबायला सांगून उतरले तर रिक्षावाला म्हणाला, "किसको मिलना है मॅडम?" "किसीको नहीं" म्हणून पुन्हा बसले आणि निघाले. तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलतेय, ते आज लिहिते.

तुम्ही लोखंडी कॉट करायचात, शाळेचे बाक करायचात. नव्वदच्या आसपास उल्हासनगरच्या एका कापडवाल्याचा मुलगा आपल्याकडे गाडी घेऊन आला. टॅक्सी म्हणून रस्त्यावर धावायची तीच साधी गाडी, पण तो ती मद्रासला शर्यतीत पळवायचा. तिला खाली वेगळी लोखंडी चौकट, म्हणजे चासी, नव्हती, पत्र्याची बॉडीच सगळा भार घ्यायची आणि वळणावर इतकी पिळवटायची की शर्यत संपल्यावर दार लागायचं नाही. त्याने एका परदेशी मासिकातला फोटो दाखवला. बाहेरून चार दारांची घरगुती गाडी, आणि उघड्या दारातून दिसत होते नुसते पाईप. तिकडेही आधी आत फक्त पाईपांचा पिंजरा घालायचे म्हणे, गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पिंजरा घातलेली गाडी वळणावर जास्त शहाण्यासारखी वागते. तो पिंजरा पुढे इंजिनापर्यंत, मागे चाकांपर्यंत वाढत गेला, आणि शेवटी बॉडीला काही कामच उरलं नाही. "फिर पत्रा क्या करेगा?" तुम्ही विचारलंत. "कुछ नहीं काका. सिर्फ दिखेगा." तुम्ही तो फोटो खिडकीशी नेऊन बघत राहिलात. मग तसाच सांगाडा त्याच्या गाडीत घालायचं कबूल केलंत.

मला तेव्हा कारखान्यात ड्रॉइंगची नोकरी लागली होती. सुट्टीच्या दिवशी तुम्ही, मी आणि तो मुलगा, आपण तिघं शेडच्या फरशीवर खडूने अख्खी गाडी काढायचो. चौकोन ढकलला की कलतो, त्यात एक तिरका पाईप घातला की हलत नाही, एवढीच सगळी विद्या. पण ती गाडीभर पाळायची म्हणजे इंजिन कुठे बसणार आणि माणूस आत कसा शिरणार, यावर दर वेळी वाद. एका सांध्यात पाईपाचं तोंड नीट बसत नव्हतं. मी म्हटलं, "चालेल आप्पा, वेल्डिंगने भरेल." तुम्ही चष्मा काढलात. "चालेल हे कॉटला म्हणायचं. ह्यात माणूस बसणार आहे." आणि दुसरा पाईप कापायला घेतलात.

सांगाडा चाकांवर उभा राहिला ती दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही पुढच्या डाव्या कोपऱ्याला जॅक लावता. जुन्या गाडीत तेवढाच कोपरा वर जायचा, बाकीची गाडी जागेवर बसून राहायची. आता पुढचं चाक जमीन सोडतं, आणि जरा वेळाने, कोणी हातही न लावता, मागचं डावं चाक उचललं जातं. तुम्ही उकिडवे बसून त्या चाकाखालून तळहात फिरवता. पुन्हा फिरवता. दोन बोटांइतके जाड पाईप, आतून पोकळ, आणि सगळे मिळून एका जिवासारखे उठले होते.

पत्रा चढवण्याआधी तुम्ही अट घातलीत, "पहले मैं बैठूंगा." पाईपांवर गोणपाट टाकून तुम्ही त्या मुलाच्या शेजारी बसलात आणि एस्टेटच्या मोकळ्या रस्त्यावर तो ते उघडं लोखंड पळवत होता. पहारेकरी गेटबाहेर येऊन बघत होते. परत आलात तेव्हा भुवया धुळीने पांढऱ्या झालेल्या. म्हणालात, "वाकत नाही."

पुढच्या वर्षी गाडी टेम्पोतून परत आली. शर्यतीत कोलांट्या खाल्ल्या होत्या तिने. पत्रा दिवाळीनंतर भिजलेल्या कंदिलासारखा लोंबत होता. तो मुलगा टेम्पोतून उतरला, एक हात प्लॅस्टरमध्ये. "काका, मैं खुद चलके निकला." तुम्ही त्याच्याकडे पाहिलंच नाहीत. पत्रा ओढून काढलात आणि एकेक सांधा बोटांनी चाचपत गेलात. दारावरचा एक पाईप वाकला होता. सांधा एकही सुटला नव्हता. मग कुठे तुम्ही वळलात आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवलात. त्याच्या पांढऱ्या शर्टावर काळा पंजा उमटला, तो बघून पोरगा हसायला लागला. तुम्ही मात्र स्टुलावर बसून माझ्याकडे पाणी मागितलंत. तुमचे हात काळे होते, म्हणून ग्लास मीच तुमच्या तोंडाला लावला.

तुम्ही गेलात, आता हे पत्र कुठे पाठवणार? कपाटात साड्यांखाली ठेवून देईन. पण एक सांगायचं राहिलंय. गाडी मद्रासला निघाली त्या दिवशी मी शिवमंदिरात दिवा लावून आले होते. आईला वाटलं, त्या मुलासाठी. मी त्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. एवढंच म्हटलं होतं, आप्पांचा सांधा सुटू देऊ नकोस.