तुझ्या भांडखोर पेशी

प्रिय चिमणे,

ही खोली इतकी स्वच्छ आहे की मला माझाच संशय येतो. खिडकी उघडत नाही. एकामागे एक दोन दारं, मध्ये हात धुवायचं बेसिन. नर्सच्या फक्त भुवया दिसतात, त्यांवरून तिचा मूड ओळखायचा. फूल चालत नाही, सालीसकट फळ चालत नाही, माणूस तर नाहीच. पलंगापासून काचेपर्यंत आणि परत. घाण्याचा बैल तरी मोकळ्या हवेत फिरतो गं.

आजारी रक्त बनवणाऱ्या माझ्या पेशी औषधाने मारून तुझ्या अस्थिमज्जेतल्या घातल्या, तेव्हा वाटलं, सुटले. माझा रक्तगटसुद्धा हळूहळू तुझा होणार म्हणे. तर तुझ्या पेशी आल्या आल्या माझ्याच कातडीवर धावून गेल्या! पाहुण्या म्हणून आल्या आणि घरमालकिणीलाच चोर समजल्या. मला हसू आलं. अगदी तुझ्यावर गेल्यात, आधी भांडण, मग ओळख. तू मात्र काचेपलीकडून माझं लाल पुरळ पाहिलंस आणि येणंच बंद केलंस. आई फोनवर सांगते, तिला काम आहे. आईला खोटं बोलता येत नाही, हे तुलाही माहीत आहे.

पुरळ औषधाने उतरलं. पण त्याच औषधाने तुझ्या पेशी मवाळ पडल्या आणि अंगात गुपचूप पडून असलेला एक जुना विषाणू जागा झाला. बहुतेकांच्या अंगात तो लहानपणीच शिरलेला असतो. आठवतं, आपण एकाच पांघरुणात तापाने फणफणलो होतो आणि कुणाचा पारा जास्त यावर भांडलो होतो? मी ठरवून टाकलंय, हा तेव्हाचाच. तुझ्या शरीराने त्याला ओळखून ठेवलंय, अजून विसरलेलं नाही. माझ्या पेशी तर मारूनच टाकल्या, माझ्याकडे विसरायलाही कुणी उरलं नाही. आता तो फुफ्फुसात उतरलाय, बोलतानाही धाप लागते. मला भीती वाटते, चिमणे. खूप.

औषधं हरली आहेत. त्या विषाणूला ओळखणाऱ्या तुझ्या पेशी पुन्हा हव्यात, आणि तू नको म्हणालीस, हे आज आईच्या तोंडून निसटलं. ताईच्या अंगावर माझ्या पेशी परत सोडणार नाही, असं म्हणालीस म्हणे. नाही म्हणायचा तुला हक्क आहे. पण माझ्या काळजीने म्हणू नकोस. धोका समजून घेऊन मी सही केली आहे. पुन्हा पुरळ उठलं तर खाजवीन आणि तुला शिव्या देईन. पण शिव्या द्यायला मी उरायला हवी ना? ये. भांडायला का होईना, ये.

तुझीच, आता रक्तानेही तुझीच,
ताई