सहाच्या सहा सारखे

दि. ७ सप्टेंबर

तीर्थस्वरूप काकांस,

कृ. सा. न. वि. वि.

आपणांस पत्र लिहिण्याच्या या धार्ष्ट्याबद्दल प्रथमच क्षमा मागते. थोरांच्या गोष्टीत तोंड घालण्याची माझी योग्यता नाही. शिवाय, तोंड घालायचेच तर फोनवर घाल, असे आपण म्हणाल. परंतु फोनवर मला ‘हो’ आणि ‘बरं’ यांपलीकडे काही सुचत नाही, हे आपणच मागच्या भेटीत चारचौघांत सांगून सर्वांना हसवले होते. कागदापुढे मला थोडा धीर येतो.

येत्या गुरुवारी एक टेम्पो आपल्या वर्कशॉपशी थांबेल. त्यात आजोबांच्या गाडीचे इंजिन असेल. सोबत चिठ्ठी नसेल, कारण ती लिहायला बाबा तयार नाहीत.

दीड वर्षापूर्वी, बाबा निवृत्त झाले त्या महिन्यात, आपण म्हणाला होतात की इंजिन माझ्याकडे पाठव, पंधरा दिवसांत बांधून देतो. बाबा म्हणाले होते की बांधूनच घ्यायचे असते तर कधीच घेतले असते, मला बांधायचे आहे. त्यावर आपण हसून म्हणालात की दादा, हा तुझ्या कचेरीतला नकाशा नव्हे, चुकलं की खोडून पुन्हा काढायला. आपण चेष्टाच केलीत, हे मला कळत होते. बाबांना मात्र ती लागली. छत्तीस वर्षे नकाशे काढणाऱ्या माणसाला, गाड्या दुरुस्त करणाऱ्या आपल्या वडिलांचा हात आपल्यात उतरला नाही, तो धाकट्यात उतरला, ही सल होतीच. आपण तिच्यावर बोट ठेवलेत.

त्यानंतर चौदा महिने आम्ही दोघे गॅरेजमध्ये होतो. आई गेल्यापासून घरात इतके बोलणे कधी झाले नव्हते. मी स्टुलावर बसून इंजिनाचे पुस्तक मोठ्याने वाचायची आणि बाबा हात चालवायचे. माझे वाचन ऐकायला बरे वाटते, असे ते म्हणत. बोल्ट किती जोराने आवळायचा, तो पान्याच्या मुठीवरचा आकडासुद्धा मलाच लावायला सांगत. तुला शिकायला नको का, असे वर म्हणत. वाचताना ओळीखाली पट्टी धर, असे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. मला त्याचा थोडा रागच आला. शाळेत पहिल्या नंबराने आलेल्या मुलीला ओळीखाली पट्टी कशाला.

गेल्या रविवारी सकाळी इंजिन सुरू झाले. एकोणीस मिनिटे ते अतिशय सुरेख चालले. बाबा बॉनेटवर तळहात ठेवून उभे होते. मग आतून ठकठक सुरू झाली. बाबांनी किल्ली फिरवली, हात पुसले आणि म्हणाले, “बापाचा हात बापाबरोबर गेला. मी उगाच शोधत बसलो.” त्यानंतर ते गॅरेजमध्ये गेले नाहीत; इंजिन गाडीतून उतरवायलाही बाहेरची माणसे बोलावली आहेत. स्वतःसाठी घेतलेली हत्यारांची पेटीही आपल्याकडेच पाठवायची, असे म्हणतात.

काका, आता जे लिहिते ते आजवर कोणाला सांगितलेले नाही. सोमवारी पुस्तक कपाटात ठेवताना मी बोल्टांच्या कोष्टकाचे पान पुन्हा पाहिले. त्या कोष्टकात दोन इंजिनांचे रकाने शेजारी शेजारी आहेत, एक लहान, एक मोठे. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट किती जोराने आवळायचे, तो आकडा मी लहान इंजिनाच्या रकान्यातून वाचला. बावन्नच्या जागी बत्तीस. आठही बोल्ट सैल राहिले ते माझ्यामुळे.

मला हे बाबांना सांगता आलेले नाही. रोज जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत जाते आणि परत फिरते. म्हणून आपणांस एक अनुचित विनंती करते. इंजिन उघडल्यावर आपण बाबांना असे कळवावे की बाजारातून आणलेला एखादा भाग सदोष निघाला. म्हणजे त्यांच्या हाताला दोष येणार नाही. मलाही येणार नाही, हा त्यातला स्वार्थ मी लपवत नाही.

आपल्या मायेस पात्र राहण्याची इच्छा असलेली,
आपली पुतणी


दि. १८ सप्टेंबर

चि. पंडिताबाईंस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचायला मला दोन चहा लागले. एवढं शुद्ध मराठी आमच्या वर्कशॉपमध्ये शिरलं की ग्रीसलासुद्धा लाज वाटते. क्षमा मागायचं सोड. पुतणीनं काकाला लिहायचं नाही तर काय आरटीओला लिहायचं?

इंजिन उघडलं. आता नीट ऐक. तिसऱ्या रॉडचे दोन बोल्ट सुटत आले होते, म्हणून ठकठक. बेअरिंग गेलं, क्रँकला थोडं लागलंय, ते मी घासून घेईन. तुझ्या बाबानं वेळेवर किल्ली फिरवली, नाहीतर रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता. आवाज ऐकून त्या क्षणी बंद करणारी माणसं धंद्यातही थोडी असतात.

राहिलेले सहा बोल्ट मी एकेक करून पारखले. सहाच्या सहा सारखे. अगदी एका मापाचे. हाताला दोष असला की बोल्ट एक घट्ट, एक सैल, एक ओढून ताणलेला असा निघतो. सहा सारखे निघतात तेव्हा हात बरोबर असतो आणि आकडा चुकलेला असतो. तू लिहिलं नसतंस तरी मला कळलं असतं. पिस्टनच्या रिंगांच्या फटी बघितल्या, त्या हातानं घासलेल्या आहेत आणि चारही सिलिंडरमध्ये एकसारख्या. आत कचऱ्याचा कण नाही. तीस वर्षं मी इंजिनं बांधतोय, गिऱ्हाईक पैसे मोजून जातं, आणि एवढं निगुतीनं मी दरवेळी करतोच असं छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

तेव्हा सदोष भाग वगैरे मी सांगणार नाही. थाप मी गिऱ्हाइकाला मारतो, दादाला नाही. तो लगेच म्हणेल, दाखव तो भाग. मग काय दाखवू? शिवाय खरं सांगितलं तर त्याला त्याचा हात परत मिळतोय. तो तू तुझ्या भीतीपायी अडवून ठेवू नकोस. तूच सांग. तोंडानं जमत नसेल तर हेच पत्र त्याच्या पुढ्यात ठेव.

नवे बोल्ट आणि बेअरिंग मागवलेत. बाकी मी जुळवून ठेवतो, रॉड तसेच उघडे ठेवतो. ते आवळायला त्याला घेऊन ये.

जेवत जा. पुस्तकानं पोट भरत नाही.

तुझा,
काळ्या नखांचा काका


दि. २ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप काकांस,

कृ. सा. न. वि. वि.

आपली आज्ञा पाळली, परंतु मला वाटले होते तसे काहीच घडले नाही.

आपले पत्र आणि कोष्टकाचे ते पान मी बाबांच्या टेबलावर ठेवले. दोन दिवस ते तिथेच पडून राहिले. बाबा त्याच टेबलावर चहा घेत, पेला त्या पत्राशेजारी ठेवत, आणि माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत. मला वाटले, त्यांनी वाचले आहे आणि मला शिक्षा म्हणून गप्प आहेत. तिसऱ्या दिवशी असह्य होऊन मी ते त्यांच्या हातात दिले. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, “वाच.”

काका, मी तिथे उभी राहून सगळे वाचले. माझा अपराधही आपल्याच शब्दांत वाचला. सहा बोल्टांच्या ओळी आल्या तेव्हा त्यांनी हात वर केला आणि तेवढे पुन्हा वाचायला लावले. मग आणखी एकदा. ते हसत होते. आई असताना हसायचे तसे. मी बत्तीस आणि बावन्नबद्दल बोलू लागले, तर ते म्हणाले की ते कळले, त्यात रडण्यासारखे काही नाही, पाना ज्याच्या हातात असतो त्याने आकडा स्वतः पाहायचा असतो.

मी विचारले, मग तुम्ही का पाहिला नाही.

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवले. मग त्यांनी सांगितले की त्यांना अक्षर दिसत नाही. दोन वर्षे होत आली. डोळ्यांच्या मधोमध धुरकट डाग आहे, कडेचे तेवढे दिसते. माझा चेहरा पाहायचा असेल तर ते माझ्या कानाकडे पाहतात. डॉक्टरांनी सांगितले आहे की गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती किती टिकेल ते पाहायचे. कचेरीतले शेवटचे चार महिने त्यांनी नकाशे सवयीने काढले. रिंगांच्या फटी, बेअरिंग, सगळे बोटांनी चाचपून बसवले. उरलेल्या नजरेत एकदा तरी इंजिन स्वतः बांधावे, एवढेच त्यांना हवे होते. मला सांगितले असते तर मी त्यांना गॅरेजमध्ये जाऊ दिले नसते, असे ते म्हणाले. ते खरे आहे.

चौदा महिने मी त्यांच्या समोर बसून वाचत होते आणि मला हे कळले नाही. माझे वाचन ऐकायला बरे वाटते, एवढ्यावर मी खूश होते.

आपण त्यांना बोलवावे. माझ्या बोलावण्याने ते येणार नाहीत.

आपल्या आशीर्वादाची गरज असलेली,
आपली पुतणी


दि. ११ ऑक्टोबर

ती. दादास,

शि. सा. न.

पोरगी हे तुला वाचून दाखवेल, म्हणून तिच्यादेखत लिहितो. पोरी, थांबू नकोस, वाचत राहा.

नकाशाबद्दल बोललो ते चुकलो. बाबा गेल्यावर त्यांची हत्यारं मी घेतली आणि तुला विचारलंही नाही, तेही चुकलो. तेव्हा तू नोकरीवर होतास आणि मला वाटलं, दादाला कशाला लागतील.

क्रँक घासून झाला. सगळं जुळवून ठेवलंय, रॉडचे आठ बोल्ट तेवढे हातानं सैल लावून ठेवलेत. डोळ्यांचं मला काही सांगू नकोस. आपले बाबा बोल्ट आवळताना वर छताकडे बघायचे, तुला आठवत असेल. पंचवीस तारखेला ये. पोरगी वाचेल, तू आवळ, मी चहा करीन. उगाच मोठेपणा करू नकोस.

तुझा,
भाऊ


दि. २१ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप काकांस,

कृ. सा. न. वि. वि.

आपले पत्र बाबांना वाचून दाखवले. हत्यारांच्या ओळीपाशी मी थांबले, तेव्हा त्यांनीच ‘थांबू नकोस म्हणालाय ना तो’ असे सांगितले. ऐकून झाल्यावर ते लगेच येतो म्हणाले. कोणता शर्ट घालायचा, ते विचारले. मी आनंदाने दोन शर्ट इस्त्री केले.

परवा दुपारी ते स्वतःहून गॅरेजमध्ये गेले. सात आठवड्यांत प्रथमच. एक निकामी रॉड त्यांनी बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात घट्ट धरला आणि म्हणाले, पंचवीस तारखेला भाऊसमोर फजिती नको, एकदा सराव करू. मी पुस्तक घेऊन नेहमीच्या स्टुलावर बसले. या वेळी ओळीखाली पट्टी धरली. बाबांनी बोल्टवर पाना बसवला, छताकडे पाहिले आणि आकडा विचारला.

मला तो पाठ आहे. झोपेतही सांगेन. तरी मी आधी रकान्याचे शीर्षक पाहिले, मग ओळ पाहिली, मग पुन्हा शीर्षक. म्हटले, आणखी एकदा पाहते. मग मुखपृष्ठावर इंजिनाचे नाव तपासले. बाबा पान्यावर हात ठेवून तसेच उभे होते. शेवटी मी बावन्न म्हणाले, आणि लगेच, थांबा, म्हणाले.

त्यांनी पाना काढून हळूच बाकावर ठेवला. रागावले नाहीत. म्हणाले, “ऐकलंस ना? तू आता वाचत नाहीस, घाबरतेस. माझा हात तुझ्या आवाजावर चालत होता, बाळ. तो आवाज आता नाही.”

मी पुष्कळ विनवण्या केल्या. आकडा मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहिते म्हणाले. वाचायला काका आहेतच, असे म्हणाले. त्यावर ते म्हणाले की भाऊ सांगणार, भाऊ पान्यावर आकडा लावणार, भाऊ शेजारी उभा राहून बघणार, मग आवळायला तरी मी कशाला हवा. ते भाऊनेच बांधलेले इंजिन होईल, आणि चांगले होईल. त्यात मी हात घालून भाऊचे काम बिघडवणार नाही आणि माझे म्हणून मिरवणारही नाही.

म्हणून लिहिते, काका. ते आठ बोल्ट आपण आवळावेत. पंचवीस तारखेला आमची वाट पाहू नये. बाबांनी सांगितले आहे की इतर गिऱ्हाइकांप्रमाणे आम्हांलाही इंजिन कधी मिळेल ते कळवावे, आणि आमच्या आधी ज्यांचा नंबर असेल त्यांचे काम मागे ठेवू नये. हे त्यांनी हसतच सांगितले. आजोबांच्या हत्यारांबद्दल म्हणाले की ती योग्य घरी गेली.

शर्ट मी परत कपाटात ठेवले आहेत.

काल सकाळी मी वर्तमानपत्र घेऊन त्यांच्यासमोर बसले. रोज वाचते तसे मथळ्यापासून सुरू करणार, तोच त्यांनी, आता तुझ्या अभ्यासाचे दिवस आहेत, म्हणून रेडिओ लावला. आजही लावला. मी वर्तमानपत्र उघडे धरून समोर बसून राहते. बातम्या ऐकताना ते माझ्या कानाकडे पाहतात.

आमच्यावर आपली माया आहेच. ती आणखी थोडी आमच्या वाट्याला यावी, एवढेच मागते.

आपली,
पुतणी

(मंगळवार, दि. २१ ऑक्टोबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकत आहे.)