तीन-चाळीसची इंझोरी

३ नोव्हेंबर २०२५

चोरी! दुसरा शब्द नाही.

सहज मोबाईलवर विचारलं — मंगरूळपीरहून शिरपूरला दुपारी एसटी किती वाजता? पूर्वी एसटीच्या वेळांचं माझं पान पहिलं यायचं. आता वर चौकटीत तयार उत्तर, यंत्रानं लिहिलेलं. वेळ बरोबर. आणि खाली — "नाक्यावर चार मिनिटं थांबते, चालक चहा घेतो."

हे वाक्य माझं आहे! तो चहा मी पाहिलाय. दोन वर्षं सकाळी दुकान उघडण्याआधी, दुपारच्या सुट्टीत आणि संध्याकाळी स्टँडवर उभा राहतो. गाडी हलली की वहीत वेळ लिहितो. डोळ्यांनी न पाहिलेली एकही वेळ पानावर टाकत नाही, हा नियम. माझं नाव कुठेही नाही.

ऑगस्टमध्ये रोज दोनशेच्या वर लोक पान उघडायचे. काल एकतीस. त्यातही तीन-चार वेळा मीच.

४ नोव्हेंबर

देवानंदभाऊंनी — दुकानाचे मालक, त्यांच्याकडेच मी लोकांच्या वेबसाइट बनवतो — सकाळीच बातमी वाचून दाखवली. एक ओळ बोला, वेबसाइट तयार.

"लख्या, मशीन दोन मिनिटांत करून देऊन राह्यली. आता तुह्यं काय काम बे?"

"मशीनले विचारा ना भाऊ, कृषी केंद्रवाल्याचा फोटो चष्म्याचा लावाचा का बिनचष्म्याचा. बिनचष्म्याचा लावला तं त्याची बायको भांडते, हे तिले कोन सांगन?"

"बारावी अर्धी सोडली, पन तोंड पुरं हाये तुह्यं!"

हसले. मग हळूच म्हणाले, ते एसटीचं पान दुकानानं भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर फुकट चाललंय, कोणी पाहत नाही. महिनाअखेर काढून टाक.

काढणार नाही. तोंडावर बोललो नाही, पण काढणार नाही.

५ नोव्हेंबर

बातम्या. कुठल्याशा कंपनीच्या यंत्रात बिघाड झाला आणि जगभरच्या साइट तासभर बंद. माझं पान चालू होतं. कोणाला कळलं नाही ते सोडा.

दुसरी बातमी कामाची. पूर्वी नकाशे काढणारे नकाशात मुद्दाम एखादं नसलेलं गाव टाकत. दुसऱ्याच्या नकाशात ते गाव दिसलं की चोर सापडला!

६ नोव्हेंबर

टाकलं. पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात — मंगरूळपीर ते इंझोरी, दुपारी ३:४०. अशी गाडी नाही. २:१५ नंतर थेट ५:३०. इतक्या खाली माणूस जात नाही, यंत्रच जाईल.

नियम मोडला. तीनदा तपासलं. चुकीची वेळ बरोबर लिहिली आहे ना, म्हणून!

१२ नोव्हेंबर

सापडला!! विचारलं — इंझोरीला दुपारची गाडी? चौकटीत पहिलं उत्तर — ३:४०. स्क्रीनचं चित्र जपून ठेवलं, तीन ठिकाणी. भाऊंना दाखवलं. म्हणालो, लोक माझं पान पाहतात, पण दुसऱ्याच्या दारातून पाहतात! भाऊ म्हणाले, "बरं मंग? आता त्याले पोलिसात देतं का?"

देऊ नाही तर काय करू, ते ठरवायचंय. पण आज मी जिंकलो.

१४ नोव्हेंबर

स्टँडवर एक मुलगी बाकावर बसलेली. सोबत आजी, मांडीवर औषधांची पिशवी. आजीच्या एका डोळ्याला हिरवी पट्टी. मी ५:३० ची नोंद करायला गेलो होतो. मुलगी म्हणाली, "भाऊ, तीन-चाळीसची इंझोरी गेली का हो?"

"नाही," म्हणालो. खरंच ना, गेली नाही.

आजी म्हणाली, "मी म्हनत होतो, सव्वादोनले बसू. इनं आयकलंच नाई. म्हने मोबाईलात हाये."

"आजी, मोबाईल खोटं कायले बोलन?" — मुलगी.

आजी पदरानं डोळ्यावर ऊन अडवत होती. गाडी आल्यावर तिला हात देऊन चढवलं. तिनं मला आशीर्वाद दिला. तो तसाच घेऊन घरी आलो.

१५ नोव्हेंबर

पहाटेच ओळ काढली. वर लाल अक्षरात लिहिलं — ३:४० ची इंझोरी नाही. चूक माझी. क्षमस्व. लखीराम. यंत्राच्या कंपनीकडे तक्रारीचा अर्जही भरला.

दुपारी विचारलं. यंत्र म्हणतं — ३:४०.

१७ नोव्हेंबर

३:४०. अजून तेच!

माझं खरं चोरलं, तेव्हा नाव नाही. माझं खोटं मात्र सोडायला तयार नाही.

१८ नोव्हेंबर

पुठ्ठ्यावर लिहिलं — "इंझोरी ३:४० गाडी नाही." भाऊंकडून तासभर सुट्टी मागितली आणि पुठ्ठा घेऊन स्टँडवर उभा राहिलो. सहा जणांना सांगितलं. एक म्हणाला, "तुले काय मालूम? मोबाईलवर हाये." म्हणालो, "मीच टाकली होती." मी वेडा असल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. बघू दे.

२० नोव्हेंबर

आजही उभा. आठ जण. तीच मुलगी भेटली — वैभवी नाव. नर्सिंगला आहे, तीनला सुटते. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "माह्या आजीनं तुमाले आशीर्वाद देल्ला होता, ठाऊक हाये ना?" एवढंच. शिवी दिली असती तर बरं.

यंत्र थकेपर्यंत उभा राहीन. ते थकत नाही म्हणतात. बघू.

२४ नोव्हेंबर

स्टँडबाहेर सवारीची जीप लावणारे फय्याजचाचा आज अंगावरच आले. "अबे लख्या, हप्ता झाला पाहून राह्यलो, रोज आठ-दहा सवारी भगावतं! काहून? मी इथं माश्या मारून राह्यलो!"

"चाचा, गाडीच नाही ना."

"गाडी नाई? मंग हे काय बैल हाये?" आणि जीपच्या टपावर थाप मारली.

भाऊंना सांगितलं. बराच वेळ हसले. मग म्हणाले, "खोट्या गाडीले एवढे लोक, तं खऱ्या गाड्याईले किती असन बे? राहू दे तुह्यं पान."

२८ नोव्हेंबर

आज पुठ्ठा नेला नाही. चाचांची इंझोरी लागली, जीपमध्ये नऊ सवारी. वैभवी पुढे, आजी खिडकीशी, पट्टी निघालेली. ३:४३ ला हलली. डोळ्यांनी पाहिली, वहीत लिहिली, पानावर चढवली.

मग मोबाईल काढून विचारलं. उत्तर बदललंय — इंझोरीसाठी ३:४० ची गाडी नाही.